खो-खोच्या मैदानावर घातलेल्या पाण्याबाबत

जबाब
पोलीस ठाणे निडेगाव, जि. लातूर
दिनांक २१ जानेवारी १९८६, मंगळवार, सकाळी १०.२०

नाव पंचफुलाबाई भ्र. किशन सोनकांबळे, वय ३८ वर्षे, जात बौद्ध, धंदा निडेगाव येथील हायस्कुलात पाणी भरणे व झाडलोट, रा. भीमनगर, निडेगाव, ता. उदगीर, जि. लातूर.

मला कोणी बोलावले नसताना मी आज आपण होऊन ठाण्यात हजर राहून तोंडी सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती किशन यांच्यासह राहते. पती रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडण्याचे काम करतात. मी हायस्कुलात आठ वर्षांपासून पाण्याचे काम करते. कामावर लागले तेव्हा बऱ्याच मुली घरून पाण्याचा तांब्या आणत असत. आता कोणी आणत नाही.

दोन वर्षे पाऊस झालेला नाही. शाळेची विहीर दिवाळीनंतर आटली. डिसेंबरपासून दर मंगळवारी व शनिवारी सरकारी टँकर येतो व शाळेची लोखंडी टाकी भरून जातो. प्रत्येक मुलाला सकाळी एक पेला व दुपारच्या सुट्टीत एक पेला पाणी, असा हेडमास्तर साहेबांचा नियम आहे. टाकीच्या कुलपाची चावी माझ्या कमरेला असते. चावी मी आजपर्यंत कोणाच्या हातात दिलेली नाही.

शाळेत व्यंकटी लिंबाजी बोडके, मूळ राहणार नायगाव, जि. नांदेड, हे खेळाचे शिक्षक आहेत. त्यांनी तीन वर्षांपूर्वी मुलींचा खो-खोचा संघ तयार केला. संघात बारा मुली आहेत. तुमची मुलगी संघात आहे काय, असे फौजदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मला मूलबाळ नाही.

डिसेंबरमध्ये आमच्या मुलींनी तालुक्याची स्पर्धा जिंकली. पूर्वी उस्मानाबाद जिल्हा होता तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण लांब पडत असल्याने शाळेचा एकही संघ तिकडे गेला नव्हता. आता जिल्हा लातूर झाला. स्पर्धा दिनांक १६ व १७ जानेवारीस लातूर येथे ठरली. सरांनी रोज चार वाजता सराव ठेवला.

शाळेचे मैदान काळ्या मातीचे आहे. पाणी नसल्याने त्याला भेगा पडल्या आहेत. काही भेगांत माझा हात मनगटापर्यंत जातो. दिनांक ३० डिसेंबर रोजी सरजा नावाची आठवीतली मुलगी खांबाला वळसा घालत असताना तिचा पाय भेगेत अडकला व मुरगळला. सरांनी तिचा पाय मांडीवर घेऊन चोळला व सर्व मुलींसमोर म्हणाले, "ह्या जमिनीवर मी पोरी पळवणार न्हाई. उद्या कुणाचा पाय मोडला तर तिच्या मायला काय सांगू?" त्या दिवसापासून सराव बंद झाला.

दिनांक १ जानेवारी रोजी दुपारच्या सुट्टीत संघाची कप्तान नीलम्मा, इयत्ता दहावी, माझ्याकडे आली. तिच्या मागे बाकी मुली उभ्या होत्या. मी पेला भरून पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती म्हणाली, "मावशी, आम्हा बाराजणींचं पाणी बाजूला ठीव."

मी विचारले, "कशाला?"

ती म्हणाली, "खांबाजवळच्या भेगा बुजवायच्यात. आमच्या वाटणीचं हाय. चोरी न्हाई."

मी म्हणाले, "अन् तहान लागल्यावर?"

ती म्हणाली, "घरी जाऊन पिऊ की."

त्यांच्या घरी पाणी किती असते ते मला माहीत आहे. तरी मी बारा पेले घागरीत ओतले. ही चूक माझी आहे. मी मोठी होते, मी नाही म्हणायला पाहिजे होते.

त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर मुली भेगेत बारीक माती भरत, त्यावर मी घागरीतले पाणी घालत असे व त्या पायाने तुडवत. बारा पेल्यांत मैदान भिजत नाही. दोन खांबांभोवतीची जागा तेवढी बसते. दोन दिवसांनी मुली सकाळचा पेलाही सोडू लागल्या. मी सकाळचे पाणी प्यावे म्हणून रागावले. तेव्हा त्या पेला तोंडाला लावत व माझी पाठ वळली की घागरीत ओतत. हे मला घागर लवकर भरू लागल्यावर कळले.

खांबाजवळची जमीन बसली असे पाहून सरांनी दिनांक ४ पासून पुन्हा सराव सुरू केला. माती कशी बसली असे त्यांनी मला विचारले. मी भांडी धुतलेले पाणी टाकते असे खोटे सांगितले. सरांना यातले काही ठाऊक नव्हते.

दिनांक ९ जानेवारी, गुरुवार, सायंकाळी साडेचारच्या सुमारास सरजा पळता पळता खांबापाशी खाली पडली. सरांनी तिला उचलून लिंबाच्या सावलीत नेले. तिचे ओठ फुटलेले होते. मी पाणी घेऊन गेले. तिने डोळे उघडले व म्हणाली, "माझं घागरीत टाकलंय मावशी. हे कुणाचं हाय?"

सरांनी घागर कसली, असे विचारले. मग मी सर्व सांगितले.

सर खांबापाशी गेले, खाली बसले व तिथली ओली माती हातात घेऊन पाहिली. किती वेळ बसले ते मी सांगू शकत नाही. नंतर उठून आपल्या खोलीवर गेले व स्वतःचा माठ उचलून घेऊन आले. मुलींना ओळीने बसवले. एकेकीला पेला भरून दिला व म्हणाले, "पी. मी बघून राहिलो." ती पिऊन होईपर्यंत ते समोर उभे राहत. शेवटी नीलम्माची पाळी आली. ती म्हणाली, "सर, तुम्हाला उरलं न्हाई." सर म्हणाले, "तू पी." ती रडत रडत प्याली. नंतर सरांनी सांगितले की, लातूरला जाणे रद्द. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघ येणार नसल्याचे पत्र लिहिले. टपाल सोमवारी निघणार होते.

शनिवारी सकाळी मी गावच्या टँकरच्या रांगेत होते. तोपर्यंत ही गोष्ट मुलींच्या घरी कळली होती. सरजाची आई भीमाबाई माझ्या पुढे दोन बायका सोडून उभी होती. ती माझ्यावर लई रागावली. ते बरोबरच होते. ती म्हणाली, "माझी पोर आठ दिस तहानली अन् तू मोजून पाणी ओतत व्हतीस?" थोड्या वेळाने ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "प्यायचं पाणी कशाला पायजे मैदानाला? न्हाणीचं पाणी मोरीतच जातंय की. उद्या रविवार हाय. समद्यांच्या आंघोळी व्हतील."

दिनांक १२ जानेवारी, रविवार, सकाळी आठपासून बायका शाळेच्या फाटकाशी आल्या. कोणी बादलीत, कोणी तेलाच्या डब्यात, कोणी परातीत आंघोळीचे पाणी धरून आणले होते. पाणी पांढुरके होते व त्याला साबणाचा वास होता. कोणाकोणाच्या घरून पाणी आले त्यांची नावे मी सांगणार नाही. सरांविरुद्ध तक्रार देणारे गुरुपादप्पा अण्णा यांच्या घरून आले काय, असे साहेबांनी विचारले. त्यावर मला काही सांगायचे नाही.

सर तेव्हा खोलीवर कपडे धूत होते. मी जाऊन बोलावले. ते आले तेव्हा बायका मैदानाला अंगणासारखा सडा घालत होत्या आणि मुली लोखंडी रूळ ओढत होत्या. सर फाटकातच थांबले. भीमाबाई त्यांना म्हणाली, "मास्तर, ते पत्र टाकलं का?" सर म्हणाले, "न्हाई अजून." ती म्हणाली, "मग टाकू नका."

अकराच्या सुमारास तक्रारदार गुरुपादप्पा अण्णा, वय अंदाजे ६५ वर्षे, हे रस्त्याने जात असता त्यांनी ओले मैदान पाहिले. त्यांची देवणी गाय त्याच आठवड्यात मेली होती. ती त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलेली होती. ते मोठ्याने म्हणाले, "माझी गाय कोरड्या तोंडानं मेली अन् तुम्ही खेळाच्या जागेला पाणी पाजून राहिले!" बायकांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी कोणाचे ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठाण्यात, बोडके सरांनी टँकरचे पाणी चोरून मैदानावर ओतले, अशी तक्रार दिली. सरांना ठाण्यात बोलावले असता त्यांनी, पाणी स्वतःच्या सांगण्यावरून टाकले, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही, असे लिहून दिले असे समजते. ते खरे नाही. बायकांना ठाण्यात यावे लागू नये म्हणून त्यांनी तसे लिहून दिले.

लातूरला संघासोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. आमच्या मुलींनी पहिल्या दिवशी दोन सामने जिंकले. दिनांक १७ रोजी अंतिम सामन्याआधी तिथला माणूस विहिरीवरून पाइप लावून मैदान भिजवत होता. समोरच्या संघाकडे आमच्या एकाही मुलीचे लक्ष नव्हते. सगळ्या त्या पाइपकडे बघत होत्या. नीलम्मा उठून त्याच्याकडे गेली व म्हणाली, "साकु दादा, साकु." तिच्या घरी कानडी बोलतात, त्यात बस झाले याला साकु म्हणतात. तो माणूस हसला व म्हणाला, "कुठल्या गं तुम्ही?" ती म्हणाली, "निडेगावच्या." तो म्हणाला, "ते कुठं आलं?" ती म्हणाली, "ह्याच जिल्ह्यात." त्याने पाइप बंद केला.

शेवटच्या डावात सरजा साडेतीन मिनिटे कोणाच्या हाती लागली नाही. मी खेळ पूर्ण पाहिला नाही, कारण मला बघवत नव्हते. शिट्टी झाल्यावर डोळे उघडले. आम्ही एका गुणाने जिंकलो होतो. सर एका बाजूला तोंड करून उभे होते. जिल्ह्याची ढाल मुलींनी येताना एसटीत मांडीवर आळीपाळीने घेतली. विभागाची स्पर्धा येत्या शुक्रवारी, दिनांक २४ रोजी, नांदेडला आहे.

शनिवारी, दिनांक १८ रोजी, शाळा चालवणाऱ्या संस्थेने सरांना पत्र दिले की, पोलीस चौकशी संपेपर्यंत शाळेत येऊ नये. सरांवाचून संघ जाऊ शकत नाही. म्हणून मी आज आले आहे. टाकीची चावी माझ्याकडे होती. घागर माझी होती. मुलींनी आपल्या वाटणीचे पाणी घातले, ते माझ्या हाताने पडले आहे. काही गुन्हा होत असेल तर तो माझ्या नावावर लिहावा. मुलींना ठाण्यात बोलावू नये, ही विनंती.

माझा जबाब चालू असताना ११.४५ वाजता तक्रारदार गुरुपादप्पा अण्णा दुसऱ्या कामासाठी ठाण्यात आले. मला पाहून म्हणाले, "पंचफुला, तू इथं काय करून राहिलीस?" मी म्हणाले, "पाणी मी घातलं, अण्णा. तेच सांगून राहिले." साहेबांनी त्यांना खुर्ची दिली व इथपर्यंतचा मजकूर वाचून दाखवला. सरजा पडली ते ऐकून त्यांनी हात वर करून वाचणे थांबवले.

ते म्हणाले, "पोरी तहानल्या राहिल्या? खरंच?"

मी म्हणाले, "हाव, अण्णा."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही कुणाला बोलू दिलं न्हाई, अण्णा."

पुढचे वाचून होईपर्यंत ते खाली बघत होते. नंतर म्हणाले, "साबणाचा वास मला आलता. डोळ्यापुढं गाय व्हती. वासाकडं ध्यान गेलं न्हाई." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. मी माठातले पाणी आणून दिले. ते प्यायले. माझ्या हातचे पाणी ते पहिल्यांदाच प्यायले.

त्यांनी साहेबांना सांगितले, "माझी तक्रार न्हाई. तसं लिहा, मी सही करतो." त्यांनी सही केली व त्याची नक्कल मागून घेतली. संस्थेच्या अध्यक्षांकडे आत्ताच जातो, असे म्हणून उठले. दारातून मागे वळून म्हणाले, "ती सरजा का कोण, तिचा पाय आता बरा हाय का?" मी म्हणाले, "लई पळती, अण्णा."

याव्यतिरिक्त मला काही सांगायचे नाही.

हा जबाब हवालदार मलप्पा यांनी मला माझ्या बोलीत सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "मुलींनी आपल्या वाटणीचे पाणी वाया घातले" असे लिहिले होते. मी सांगितल्यावरून "वाया" हा शब्द खोडला व त्यावर साहेबांनी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

पंचफुलाबाई भ्र. किशन सोनकांबळे
(निशाणी, डाव्या हाताचा अंगठा)