लांब्याचं बी

हॅलो?… हां बोला, कॉलर लावून झाल्यात सगळ्या, बटणं तेवढी राहिलीत. चार वाजता घेऊन जा…

कोण?

…चिंगे? तू?

…अगं आहे ना, आहे लाइनवर. मला वाटलं शाळेतला क्लार्क. सकाळपासून तीनदा फोन केलाय त्यानं गणवेशांसाठी… बरी आहे मी. तू?… आणि पोरगी?… हं. हं.

अकरा महिने झाले गं… हो, मीही नाही केला. मी कुठं म्हणतेय की तूच करायला हवा होतास?

बरं, बोल… टब? कुठला टब?… आईचा पत्र्याचा? मला काय करायचाय तो, राहू दे तुझ्याकडेच… बाल्कनी का रिकामी करायचीय?… अच्छा, रंगवायला पेंटर आलाय. आत्ता दारात उभाय?… मग टब आत घे की, त्यात विचारायचं काय… जड आहे? रिकामा टब कसा जड असेल?… माती कसली त्यात?

थांब. थांब थांब थांब. काय म्हणालीस? परत म्हण.

…तू पेरलंस? आईच्या कोबीचं बी तू पेरलंस?

…सगळं? तेवीसच्या तेवीस बिया? त्या एवढ्याशा टबात?… नाही गं, हसत नाहीये… बरं, हसतेय थोडी. पुढं सांग… गोगलगायी, हो, त्या खातातच… आणि एक उरलं… गड्डाच धरला नाही… नुसतं उंच गेलं… आणि आता पिवळी फुलं आलीत.

चिंगे, हात लावू नकोस त्याला.

…नाही, वाया नाही गेलेलं… अगं ऐक ना… उपटायचं नाही! काय? पेंटरनं उचलला टब? मग माझ्याशी काय बोलत बसलीस, ओरड ना त्याच्यावर!

…

…ठेवला? हळू ठेवला ना? आता जवळ जाऊन बघ. मधला दांडा बघ, कुठं मोडला तर नाही?… पानं पिवळी पडू देत गं, पानं गेली खड्ड्यात. दांडा सांग… सरळ आहे. फुलं आहेत ना? आणि कळ्या?… किती म्हणजे? मोज… बरं नको मोजू, पुष्कळ आहेत एवढं कळलं.

हुश्श. जीव खालीवर झाला माझा. बस आता त्या टबापाशी आणि मी सांगते ते ऐक.

हो, माझंही आहे. एकच… सांगते ना. माझ्या तेवीसातल्या नऊ उगवल्या. चार वर्षांपूर्वीचं बी, त्या मानानं बरंच झालं. आईनं शेवटची तीन वर्षं पेरलंच नव्हतं ना… हो, तुझ्याकडे आली तेव्हापासून. नवातली पाच रोपं अळ्यांनी फस्त केली. दोन मावा पडून गेली. रोज सकाळी एकेक पान उलटून पाहायचे मी, बोटांनी पुसून काढायचे. मशीनवर काम पडून, आणि ही बाई वाफ्यात उकिडवी. शेवटी दोन उरली. पण काय गड्डे धरले होते गं! आई ज्याला लांब्या म्हणायची ना, अगदी तस्से. हातभर लांब, पानं चुरगळल्यासारखी, खालून पांढरीशुभ्र… हो, आई तसंच थोपटायची त्यांना.

मग? मग काय, एक दिवस मी कापड आणायला गेले आणि यांचे ऑफिसचे मित्र आले घरी. यांनी त्यातला मोठा कापला आणि सूप केलं… अगं हो! सूप!… मी परत आले तर चौघं भुरके मारतायत आणि वर मला सांगतायत, वहिनी, असा गोड कोबी जन्मात खाल्ला नाही.

…काय बोलणार? पाहुण्यांना हसून पापड तळून दिले. ते गेल्यावर मात्र यांना फैलावर घेतलं… नशीब, सुरीनं कापला. माझ्या कापडाच्या कात्रीला हात लावला असता तर त्या दिवशी घरातून बाहेरच काढलं असतं… हो, अजूनही नाही लावू देत कुणाला. तू कागदाच्या बाहुल्या कापल्या होत्यास तिनं, आठवतंय ना? दोन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी.

…नाही गं, बुंधा मातीतच होता. त्यातून फुटतं परत, फुलाचा दांडा येतो. आलाही होता बोटभर. पण यांना झाला पश्चात्ताप. मग सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या त्याच्यावर. कुजला… ऐकतायत, इथंच आहेत, पेपरच्या मागे तोंड लपवलंय.

तर आता एक आहे. गड्ड्याला वरून फुलीसारखी चीर दिली मी, आई द्यायची तशी, आणि त्यातून दांडा आला कमरेइतका उंच. पिवळाजर्द फुललाय. आणि उपयोग शून्य.

…कारण एकट्या झाडाला बी धरत नाही, चिंगे. मलाही कुठं माहीत होतं! नर्सरीवाल्यानं सांगितलं. त्याच झाडाची फुलं एकमेकांना चालत नाहीत. दुसरं झाड लागतं, त्याच जातीचं, आणि त्याच वेळी फुललेलं. म्हणून आई नेहमी सहा-सात गड्डे न कापता ठेवायची. आपण म्हणायचो, कंजूष आहे, खाऊ देत नाही… हो ना, आणि ती बिचारी कधी समजावत बसली नाही. मी या फुलावरून त्या फुलावर ब्रश फिरवून फिरवून थकले गं. शेंगा येतात सुईएवढ्या, चार दिवसांत पिवळ्या पडून गळतात. आत काही नाही.

…दुकानात? दुकानात असतं तर मी अशी धडपडले असते? सहा नर्सऱ्या पालथ्या घातल्या. चायनीज कोबी म्हटलं की हायब्रिडचं पाकीट पुढं करतात. त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि हे तीस वर्षं, पेरलं की तस्संच उगवतंय. कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्यानं दिलं होतं आईला, चिमूटभर, चहाच्या पुडीत बांधून… हो, तोच, मिशीवाला. त्याच्या आजीचं होतं म्हणे. तो तर कधीच गेला. आता ते बी जगात कुणाकडं असेल तर तुझ्या टबात आणि माझ्या वाफ्यात. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. कळलं आता, का ओरडले ते?

…हो, घाईचं झाड आहे तुझं. गड्डा न धरता फुलावर गेलेल्याचं बी आई नसती धरत. पण निवड करायला आपल्याकडं आहे काय? माझा गड्डा धरलेला, तुझं घाईचं. दोघांचं मिळून जे येईल त्यातनं पुढं निवडू. एक वर्ष नाही तर तीन वर्षं लागतील. मी कुठं जातेय?

पेंटर काय म्हणतोय?… उद्या नाही येणार? दुसरं काम आहे? दे त्याला फोन… अगं दे तर. खात नाही मी त्याला.

हॅलो, नमस्कार दादा. मी हिची मोठी बहीण… हो, तीच ओरडणारी. दादा, बाल्कनी तुम्ही रंगवाच, तुमचा दिवस मोडायचा नाही मला. फक्त तो टब आत खिडकीशी नेऊन ठेवा. दोघांनी उचला, तिच्या एकटीच्यानं होणार नाही. दांडा ठिसूळ असतो, भिंतीला घासला तर खलास… हो, उन्हात पाहिजे, आणि रंगाचा वास नको… तुमच्याकडं शिडीबरोबर काठी असेल ना एखादी? वा! मग ती रोवा मातीत कडेला आणि सैल बांधा. सुतळी नको, काचते. ओढणीची पट्टी द्यायला सांगा तिला… अहो कोबीच आहे, पण साधा नाही… हो, तुम्हालाही देईन बी, आलं तर. आणि दादा, एक बारीक ब्रश असेल? कोरा, मऊ, रंगात न बुडवलेला… खिडकीच्या पट्ट्यांचा? चालेल की, पळेल! ठेवा बाजूला माझ्यासाठी. देव तुमचं भलं करो. द्या तिला.

…बघ, चांगला आहे माणूस. तूच उगाच घाबरतेस.

…मी येतेय म्हणून. आज. आत्ता. दहा पन्नासची बस आहे… फुलं काय तुझी-माझी वाट बघत थांबणारेत? फार तर आठवडा. मी माझी फुलांची फांदी कापून आणते, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. ब्रशनं तिचे पराग तुझ्या फुलांना लावते. मग तुझी फांदी घेऊन परत येते आणि माझ्या फुलांना लावते. सोपं आहे… गणवेश? बटणं हे लावतील… हो हो, हेच! अहो, पेपर ठेवा खाली, बटणं लावायचीत तुम्हाला. चार वाजेपर्यंत. सूप प्यायलात ना?

…काय?

…हो. म्हणाले होते.

नाही, विसरले नाही. आईच्या घरातल्या ओट्यावर बशीत बिया मोजत होते आणि तुझी पुडी तुझ्याकडं सरकवताना म्हणाले, तुला देऊन उपयोग काय, तुझ्या हातून काही जगत नाही… बोल, तू बोल. ऐकतेय मी.

…

…खरं आहे.

नाही चिंगे, चुकून नव्हतं निघालं तोंडातून. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. ऐक आता, फोनवर सांगते, तोंडावर मला जमायचं नाही. आई शेवटी तुझ्याजवळ होती. तीन वर्षं तू तिचं सगळं केलंस, आणि मी इथं शिलाया मारत बसले, पुढच्या महिन्यात येते, पुढच्या महिन्यात येते म्हणत. निघाले तेव्हा उशीर झाला होता. तिचा हात तुझ्या हातात होता, माझ्या नव्हता. मला ते सहनच होईना. म्हणून तुझ्यावर काढलं. चूक माझी. संपूर्ण माझी.

…आणि तरी तू पेरलंस. मी असं बोलल्यावरही…

…काय सांगतेस? रोज बोलायचीस त्याच्याशी? आईसारखी?

चिंगे, तुझ्या हातूनच जगलंय गं ते. तिसऱ्या मजल्यावर, वीतभर मातीत. माझ्याकडं अख्खा वाफा असून एकच उरलं.

…अगं बाई, रडू नकोस. तो पेंटर काय म्हणेल… बरं, रड. मी आल्यावर पुन्हा रडू, दोघी मिळून. आता मला निघू दे… हो, जेवायला थांबेन… हो, राहीनही. पण उद्या दुपारपर्यंत तुझी फांदी इथं पोचली पाहिजे, ते पक्कं.

थांब, ठेवू नकोस, एक मिनिट. अहो! कात्री द्या हो जरा… ही नको, ही भाजीची, हिनं दांडा चेंगरतो. ती द्या, मशीनच्या खणातली… हो, तीच. लाल दोरा बांधलेली.

…ऐकलंस का तू? हो गं, माझी. कापडाचीच.

आज चालेल. ठेवते.