तारेच्या आतली मेंढरं

माजा जन्म कुटला म्हनून इचाराल तर मला सांगता यायचं न्हाय बगा, कारन आई सांगायची, आमचा वाडा, म्हंजे मेंढरं, घोडं, पोरंबाळं, बिऱ्हाड समदं, अकलूजच्या अंगाला उसाच्या रानात उतरला व्हता, सकाळी ती वाघर ठोकत व्हती, वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, आन दुपारी मी झाले, आन दुसऱ्या दिशी वाडा फुडं हालला. म्हंजे माजं जन्मगाव मागंच ऱ्हायलं की! आधारकार्डावर सांगोला तालुका घातलाय, तेवढं बरं झालं. नाव आवडा. आमी धनगर. शाळेचं तोंड बगितलं न्हाय, आन शाळेनं बी माजं बगितलं न्हाय.

लगीन झालं ते ह्या वाडीत, माळाच्या पायथ्याला. आमचे हे लई गरीब सोभावाचे, दिवसातनं चार शब्द बोलतील, त्यातले दोन मेंढरांशी. ती कसर मी भरून काडते. सासू म्हनायची, माज्या घरात पोरगा मुका आन सून तोफ. दिवाळी झाली की वाडा घेऊन बागायती मुलखात जायाचं, शेतकऱ्याच्या रानात रातीला मेंढरं बसवायची, लेंडीमुतानं रान खतावतं, शेतकरी धान्य देतो, आन पाऊस लागला की परत माळावर. माळ म्हंजे आमचं माहेर. कागदावर त्यो दुसऱ्यांचा, आमच्या नावावर मूठभर माती न्हाय, पन तितं कुसळीबिगर काय उगवायचं न्हाय म्हनून जमीनवाल्यांनी कदी नांगर घातला न्हाय, आन आमाला बी कुनी कदी आडवलं न्हाय.

मंग कंपनी आली. सोलरची. म्हनलं येऊ दे, ऊन न्यायला आलीया, न्हेऊ दे बाई, आमच्याकडं ऊन सोडून दुसरं हाय काय! आन खरं सांगते, उन्हाळा आता पैल्यासारका न्हाय ऱ्हायला, होळीच्या आदीच कातडं भाजतंय, पाऊस येतो तवा घरात शिरतो आन न्हाय येत तवा ढग बी दिसंना. टीव्हीवर सांगत्यात, कोळसा जाळून जाळून ह्ये समदं झालं, मंग कोळशाच्या जागी उन्हावर लाईट काडत असतील तर चांगलंच हाय की. जमीनवाल्यांस्नी भाडं सुरू झालं, त्येंच्या दारात फटफट्या आल्या. आन आमाला काय आलं? तार. माळाला चौफेर जाळीची तार, आन ओढ्यावर पान्याला जायाची आमची वाट बरोबर मदनं, ती बंद. पैल्या दिशी मेंढरं तारंला नाक लावून हुबी ऱ्हायली, त्येंस्नी कोन समजावनार? माळाला वळसा घालून न्यायचं म्हंजे गाभन मेंढ्या धापा टाकायच्या, दोन कोकरं वाटंतच गेली. मी रडले, खोटं कशाला सांगू.

माजा लेक सुरेश, त्यो प्लेटा बसवायच्या कामाला गेला व्हता, ते काळे तक्ते असत्यात ना त्येस्नी आमी प्लेटा म्हनतो, ते काम संपलं आन त्यो घरी बसला. म्हनाला, आये, मेंढरं इकून टाकू, मी पुन्याला जाऊन गाडी चालवतो, ह्यात आता राम न्हाय. व्यापाऱ्याशी बोलून बी आला, दसऱ्याला मेंढरं न्यायची ठरली. ह्येंच्याकडं बगितलं तर ह्येनी मान खाली घातली, आन ह्येनी मान खाली घातली म्हंजे व्हय. काय सांगू तुमाला! मेंढरं गेल्यावर मी सकाळी उटून हाक कुनाला मारू?

त्याच पावसाळ्यात तारंच्या आत गवत आलं, आन काय आलं म्हनता! चरायला कुनी न्हाय, कंबरंएवढं झालं. त्याची सावली प्लेटांवर पडाया लागली म्हनून कंपनीनं मशीनवाली मानसं आनली, तर मशीनीनं दगूड उडाला आन प्लेटच फुटली. मंग वाडीत बातमी आली, आता औशद मारून गवत जाळनार. म्हनलं झालं, पाऊस आला की त्ये औशद ओढ्यात आन ओढ्यातनं आमच्या हिरीत. वाडीतल्या बाया गोळा केल्या आन गेले गेटावर, आन अशी वरडले, अशी वरडले, की वाचमन खुर्चीसकट मागं सरला.

आतनं येक म्याडम आली, बारकीशीच, कामाची सायेब तीच व्हती. सोलापूरची, घरात तेलुगू बोलनारी, बा टॉवेलाच्या कारखान्यात मागावर. मला वाटलं आता ही इंग्रजी फाडनार, पन ती तितंच मातीत बसली आन म्हनली, मावशी, आदी पानी प्या, मंग वरडा. म्हनलं, पानी ऱ्हाऊ दे, तुमच्या कंपनीनं आमच्या वाडीसाटी काय केलं त्ये सांगा. ती म्हनली, शाळंची भिंत रंगवून दिली, त्यावर झाडं काडलीत. मी म्हनलं, मंग ती झाडं माजी मेंढरं खात्यात व्हय? तशी ती हासली. म्हनली, माजा बा सांगायचा, कारखान्यात नवं मशीन आलं की कुनाची तरी भाकर जाती आन मशीन आननारा मागं वळून बगत न्हाय. मावशी, तुमची मेंढरंच आत सोडली तर? दुसरीकडं सोडत्यात असं मी वाचलंय. आता बगा, मी भांडाया गेलेली, आन माज्या मनात यायच्या आदी त्ये तिच्या तोंडातनं आलं, मी बी तितंच मातीत बसले आन म्हनलं, आन आता त्ये पानी.

म्याडमनं फोन लावला, तर कंपनीचे पुन्याचे सायेब म्हनले, येक दीस बगू आन ठरवू, पन नुसती मेंढरं, शेळी येक बी नको, शेळी वर चडती. खरंच हाय त्ये, शेळीला जमीन पुरत न्हाय. मी म्हनलं, शेळीचं नाव बी काडत न्हाय. दसरा तोंडावर आलेला. सायेब गाडीतनं उतरले, गेट उगाडलं, आन मेंढरं हालंनात! आवो, मेंढराची जातच तशी, फुडं कुनीतरी लागतं, आन आमच्या कळपाच्या फुडं कायम आमची रानी शेळी, गळ्यात घंटी बांदलेली. मी हाका मारल्या, शिव्या घातल्या, येक मेंढरू पाय उचलंना. सायेब घड्याळ बगाया लागले. तवा माजी अक्कल चरायला गेली. लिंबाला बांदलेली रानी सोडली, म्हनलं दोरीनं धरून नुसती दारातनं न्हेते. गेली की मेंढरं समदी तिच्या मागं आत! पन रानीनं दिला येक हिसडा आन टनाटना उड्या मारत गेली प्लेटवर. तितं वरमाईसारकी मान वर करून हुबी, सायबाकडं बगत, आन वरनं लेंड्या टाकल्या. म्याडमनं कपाळाला हात लावला. मला झालं, धरनीमाय, पोटात घे.

आन मंग आमचे हे, जन्मात कुना सायबाफुडं तोंड उगाडलं न्हाय, ते सावकाश गेले, रानीचा कान धरून तिला खाली घेतली, तिची घंटी सोडली, दोरी माज्या हातात दिली आन म्हनले, सायेब, शेळी घरी जाईल, शेळीचं काम मी करतो. आन घंटी वाजवत निगाले की प्लेटांच्या मदनं, आन कळप त्येंच्या मागं, मान खाली घालून कुरुकुरु चरत. सायेब इतकं हासले की डोळ्याला रुमाल लावला. मला बी हासू आलं आन वर रडू बी आलं, इतक्या सालात ह्या मानसाचा मला येवढा अभिमान कदी वाटला न्हवता.

पन हासून पोट भरत न्हाय. सायेब म्हनले, चरा की मावशी, गवत फुकट. म्हनलं, फुकट कसं? मशीनवाल्यास्नी पैसे देत व्हता, त्येंस्नी न्हाय म्हनला गवत फुकट! मेंढरू गवत कापतंय म्हंजे कामच करतंय, त्याची मजुरी पायजे. ओढ्याची वाट पायजे, आन ती बी नुसती मला न्हाय, वाडीतल्या समद्या कळपांस्नी. औशद मारायचं न्हाय. प्लेटा धुवायला ट्यांकर येतो त्यातलं थोडं पानी हौदात सोडायचं. सायेब म्हनले, बगू. बगू म्हंजे न्हाय, ह्ये आमाला लहानपनापासनं ठावं हाय. दसऱ्याला व्यापारी टेम्पो घेऊन दारात, मी वाघरीच्या तोंडाला आडवी बसले, सुरेशला म्हनलं, आदी मला टेम्पोत घाल. त्यो लई चिडला, पन टेम्पो रिकामा गेला. तिकडं म्याडम वरच्या सायबांशी भांडत बसली, तिच्या नोकरीवर गदा यायची पाळी आली म्हनं, पन हटली न्हाय. लई दिसांनी कागद आला. वाट मिळाली, औशद थांबलं, हौद झाला, मजुरी निम्मीच, आन कागद दर साली नवा करायचा. म्याडम बारीक तोंड करून म्हनली, मावशी, निम्मंच जमलं. म्हनलं, पोरी, निम्मी भाकर बी भाकरच की, ऱ्हायलेलीसाटी फुडच्या साली वरडू.

आता वाडीतले कळप पाळीपाळीनं आत जात्यात. उन्हाच्या वक्ताला मेंढरं प्लेटांच्या सावलीत बसत्यात, त्येंच्या शेजारी आमी बी भाकर सोडतो. गवत सरलं की अजून अकलूजकडं जावंच लागतं, त्ये काय चुकत न्हाय. म्याडमची बदली झाली, जाताना मी तिला घोंगडं दिलं, नवा सायेब आलाय, त्याच्याशी अजून माजं भांडान व्हायचंय. पन कंपनीचं वाईट हू दे असं मी म्हनत न्हाय, बरकत हू दे तिची, धंदा चांगला हाय. येवढंच म्हनते, ऊन काय कुनाच्या बापाचं न्हाय, ज्येच्या डोक्यावर पडतंय त्येला बी वाटा द्या.

सुरेश पुन्याला गेला न्हाय, कळप आता त्योच बगतो. परवा त्या व्यापाऱ्याचा परत फोन आला, मी हितंच चुलीफुडं बसलेली, त्यो इचारत व्हता, काय रं, औंदा तरी मेंढरं देनार का? तर सुरेश काय म्हनाला ऐका. म्हनाला, न्हाय हो, मेंढरं कामावर गेल्याती. संध्याकाळी येतील, पन तवा दमून आल्याली असत्यात, त्येंच्या कानावर असलं काय घालू नका.