उताराच्या तोंडावर गाडी थांबवल्याबाबत

जबाब देणार: गाडीचे मालक, चालक बाईंचे सासरे. वय ६८ वर्षे. धंदा: पूर्वी चालक, आता घरी असून गाडीची देखभाल पाहतो. राहणार: वरची वस्ती, पाण्याच्या टाकीमागचे घर.

मी स्वतः होऊन ठाण्यात आलो असून, समोर बसून विचारलेल्या प्रश्नांना धरून खरे ते सांगतो, ते असे:

वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व सून असे राहतो. मुलगा जहाजावर नोकरीला असून वर्षातून एकदा घरी येतो. आमची चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी आहे. तिच्यातून वरच्या वस्तीची माणसे व सामान खाली शहरात नेण्या-आणण्याचे काम आम्ही करतो. पूर्वी गाडी मी चालवत असे. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून सून चालवते. तिचा परवाना बरोबर आणला आहे, तो पाहावा.

कंत्राटदार साहेबांनी दिलेल्या तक्रारीतील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. सुनेने वाटेत मुद्दाम वेळ काढला, गाडीची किल्ली काढून घेऊन प्रवाशांना डांबून ठेवले, कड्याच्या बाजूला गाडी उलटी चालवून सर्वांचा जीव धोक्यात घातला आणि रस्त्याचा कठडा पाडला, असे त्यात आहे. किल्ली काढून घेतली हे खरे आहे. कठड्याचा एक दगड पडला हेही खरे आहे. बाकीचे कसे घडले ते सांगतो.

त्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवरून निघालो. सून गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी होतो. मागे कंत्राटदार साहेब, शाळेतल्या बाई आणि त्यांच्या आई असे तिघे होते. आईंचे गुडघे गेलेले आहेत, त्यांना खाली दवाखान्यात न्यायचे होते. साहेबांना शहरात कसलीशी बैठक होती. त्यांनी निघतानाच तसे दोनदा सांगितले.

दगडांच्या कच्च्या रस्त्यावर, ओढ्याच्या अलीकडे, एका पाटीसारख्या धारदार दगडाने मागचे डावे टायर कापले. सुनेने गाडी सपाटीला घेतली, चाकांना दगड लावले व स्टेपनी काढली. ही स्टेपनी आमची नव्हती. आमची जुळणारी स्टेपनी तिने आठवड्यापूर्वी आरोग्य केंद्राच्या गाडीला दिली होती. त्यांची गाडी पेशंटसह रस्त्यात अडकली होती. त्यांनी बदल्यात आपली दिली. ती दुसऱ्या बनावटीची, जवळजवळ नवी आणि जाड नक्षीची होती. रिम बसत होती, पण चाक आमच्या चाकांपेक्षा चांगले बोटभर उंच भरत होते.

सुनेने मागचे फाटलेले चाक काढले. पण स्टेपनी तिथे न लावता ती पुढे गेली, पुढचे डावे चांगले चाकही काढले, ते मागे लावले आणि स्टेपनी पुढे बसवली. म्हणजे एका चाकाच्या जागी दोन चाकांचे काम. साहेब खाली उतरून येरझारा घालत होते.

ते म्हणाले, "एक चाक फाटलं ना बाई? मग दोन का काढताय? आम्हाला काय उद्या पोहोचायचंय?"

सून नट आवळत म्हणाली, "साहेब, मागची दोन जुळीच लागतात. ओढायचं काम मागच्यांचं. एक लहान, एक मोठं लावलं तर त्या दोघांच्या फेऱ्यांतला फरक मिटवणारं मधलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा थांबत नाही, तापून जातं. पुढचं तेवढं वेगळं चालतं."

"चालतं तर चालतं. गाडी चार चाकांवर उभी आहे, तीनच असती तर गोष्ट वेगळी."

सून हसली व पुढचा नट आवळू लागली. मी पाना धरून होतो. मला तिने काही विचारले नाही व मीही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

त्यापुढे ओढा. पावसाने ओढ्याच्या दोन्ही बाजूंना चिखल झाला होता. तिथून नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर गाडी निघत नाही. सुनेने लहान लिव्हर टाकून पुढच्या चाकांनाही जोर दिला. गाडी चिखलातून लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. चिखलात चाके थोडी घसरतात, त्यामुळे लहान-मोठ्या चाकाचा हिशोब चाके आपसात मिटवतात.

चिखल संपला की लगेच सिमेंटचा पक्का रस्ता लागतो. खरे तर तिथेच थांबून लिव्हर परत ओढायचे. पण त्या ठिकाणी दोन्ही बाजूंना उभा डोंगर कापलेला असून पावसानंतर वरून दगड येतात. त्या दिवशीही रस्त्यावर ताजे दगड पडलेले होते. तिथे गाडी उभी करणे म्हणजे दगडाखाली डोके देणे. म्हणून सुनेने ती खिंड न थांबता पार केली. तेवढ्या वाटेत जे व्हायचे ते झाले.

हवालदार म्हणतात, एवढे सविस्तर नको. पण हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. लिव्हर टाकलेले असते तेव्हा पुढचे आणि मागचे शाफ्ट, म्हणजे चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे, मधल्या गिअरच्या पेटीत एकमेकांना जखडलेले असतात. दोघांनी बरोबरच फिरायचे. पुढे मोठे चाक लागले की त्या बाजूचे फेरे कमी पडतात. पक्क्या रस्त्यावर चाक घसरायला तयार नसते. मग तो फरक जायचा कुठे? शाफ्टला पीळ बसत जातो. ओली चादर दोघे दोन टोकांना धरून पिळतात, तसा. चादरीतून पाणी निघते. लोखंडातून काही निघत नाही, ते नुसते घट्ट होत जाते, आणि एकदा तुटते.

खिंड संपल्यावर रस्ता थोडा रुंद होतो आणि तिथून उतार सुरू होतो. उतार आपणा सर्वांना माहीत आहे. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, वळणावर वळण. उताराच्या तोंडावर सुनेने गाडी थांबवली व लहान लिव्हर ओढले. ते हलले नाही. तिने दोन्ही हातांनी ओढले. तरी नाही. मग तिने स्टिअरिंग थोडे फिरवून पाहिले. ते दगडासारखे झाले होते.

तिने माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, पीळ बसला ना?"

मी "बसला" म्हणालो.

साहेब मागून म्हणाले, "आता काय झालं? गाडी चालतेय की! उतारच तर आहे, नुसती सोडली तरी खाली जाईल."

सून म्हणाली, "तेच नकोय मला, साहेब. ही अशी खाली नेली तर वळणावर काहीतरी तुटेल. पुढचा शाफ्ट सुटून खाली रस्त्यात रुतला तर गाडी कोलांटी खाईल. सगळे खाली उतरा. मी जरा मागे घेते, पीळ सुटेल."

साहेबांचा पारा चढला. ते म्हणाले की ते स्वतः गाडी चालवतात, त्यांना गाडी कळते, पुढच्या मुक्कामापर्यंत ते स्वतः नेतील. ते उतरून चालकाच्या दाराशी आले. तेव्हा सुनेने इंजिन बंद करून किल्ली काढली. साहेबांनी हात पुढे केला. तिने किल्ली मागे बसलेल्या आजींच्या, म्हणजे शाळेतल्या बाईंच्या आईंच्या, हातात दिली.

आजींनी मूठ मिटली व त्या म्हणाल्या, "घ्यायची तर घ्या माझ्या मुठीतून. चार बोटं आहेत आणि एक अंगठा."

साहेबांनी घेतली नाही. ते कडेला जाऊन फोन लावू लागले. तिथे फोनला रेंज नसते. तक्रारीत डांबून ठेवल्याचे लिहिले आहे ते एवढेच. दारे सताड उघडी होती.

शाळेतल्या बाई खाली उतरल्या. त्यांच्या आईंना उतरवणे अवघड होते. सून त्यांना म्हणाली, "आजी, मी तुम्हाला उचलून खाली ठेवते." आजी म्हणाल्या, "मला काही कुठे ठेवू नकोस. मी इथेच बसते. तू तुझं काम कर." आणि किल्ली परत दिली. मला ते पटले नाही, पण त्या ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी लेक परत वर चढून आईचा हात धरून बसली.

मग सून मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे उभे राहा. मी आरशात दुसरं काही बघणार नाही, फक्त तुमचा हात बघेन."

माझ्या डोळ्यांचे तिला माहीत होते. जवळचे मला दिसते. मी दरीच्या बाजूच्या कठड्याशी उभा राहिलो. मागे चढ होता, रस्ता किंचित वळलेला होता. तिने गाडी अशी मागे घेतली की चाके आल्या वाटेने, त्याच ओळीने मागे यावीत. एका हाताच्या अंतराने ती थांबत होती, माझा हात बघत होती, पुन्हा घेत होती. घाई नाही, इंजिनचा आवाज चढा नाही. आतून शाळेतल्या बाईंचे रडणे ऐकू येत होते. सून त्यांच्याशी बोलत होती, दवाखान्यातल्या डॉक्टरांबद्दल काहीतरी. माझा हात मात्र एकदाही तिच्या नजरेतून सुटला नाही.

थोडे मागे आल्यावर गाडीखालून ठण् असा मोठा आवाज झाला. पीळ सुटला. गाडीला मागच्या मागे झटका बसला व मागचा कोपरा कठड्याला लागला. कठड्याचा वरचा एक दगड दरीत गेला. मी त्या दगडापासून दोन पावलांवर होतो. सुनेचा पाय ब्रेकवर आधीच होता. गाडी जिथल्या तिथे थांबली. लिव्हर एका बोटाने परत आले.

सून खाली उतरली. आधी माझ्याजवळ आली. माझ्या दंडाला हात लावून पाहिला. मग पोते अंथरून गाडीखाली गेली व मला हाक मारली. पुढच्या शाफ्टच्या सांध्याचा एक कान, म्हणजे सांधा धरून ठेवणारा लोखंडी आकडा, तडकलेला होता, दुसरा सुटायला आलेला होता. तो तडकलेला तुकडा मी फडक्यात बांधून आणला असून तो टेबलावर ठेवला आहे. तो पुरावा म्हणून जमा करून घ्यावा. पहिल्या नाही तर दुसऱ्या वळणावर तो सांधा सुटला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सुनेने पुढचा शाफ्ट पूर्ण काढून पोत्यात गुंडाळून मागे गाडीत ठेवला. आता जोर फक्त मागच्या दोन चाकांना राहिला, आणि ती दोन्ही जुळी होती. म्हणून गाडी शहरापर्यंत नीट गेली. सकाळी ती स्टेपनी मागे लागली असती तर तेही जमले नसते.

हे होईपर्यंत साहेब रागाने पायीच उतार उतरू लागले होते. दोन वळणे खाली ते दिसले. सुनेने त्यांच्याजवळ गाडी थांबवली व म्हणाली, "बसा साहेब, बैठक अजून व्हायची असेल." ते बसले. शहरात उतरताना ते भाडे काढू लागले तेव्हा सून म्हणाली की उशीर झाला, राहू द्या. त्यांची बैठक हुकली, त्याचे आम्हालाही वाईट वाटले. त्यांनी शाफ्ट पाहिला नव्हता. पाहिला असता तर कदाचित तक्रार केली नसती. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

आजींना त्याच दिवशी दवाखान्यात दाखवले. शाळेतल्या बाई त्यांचा जबाब द्यायला स्वतः येणार आहेत. कठड्याचा दगड मी व सून मिळून बसवून देऊ.

मला विचारण्यात आले की, चालक तुमची सून असल्याने तुम्ही तिची बाजू घेता काय. घरी कोणालाही विचारावे, मी तिचे कौतुक करणारा माणूस नाही. गाडी आमच्या घरची रोजीरोटी आहे. ती कोणी वाईट चालवली तर सगळ्यांत आधी मीच बोलेन.

मला विचारण्यात आले की, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते. मी असतो तर साहेबांसारखाच म्हणालो असतो की चालतेय ना, मग चला. तसाच तो उतार उतरलो असतो. आणि आज हा जबाब द्यायला इथे कोणी आले नसते. गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवते.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सून त्या वेळी दाराजवळच्या बाकावर बसली होती व तिने तो सगळा ऐकला. ती उठून टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाबा, शेवटचं वाक्य काढायला सांगा. ते काही घडलेलं नाही, ते तुमचं मत आहे." हवालदारांनी लेखणी उचलून मला विचारले, खोडू का. मी नाही म्हणालो. वाक्य जसे सांगितले तसेच राहू द्यावे. बाकी मजकूरही मी सांगितला तसाच लिहिला असून त्याखाली माझी सही करत आहे.