मालकाच्या नावाची डबी

पुसदच्या स्टँडवर उमरखेडच्या बसची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"नंदाबाई, तुह्या मालकाले यवतमाळले नेलतं म्हने?"

"हो न. आशाताईनं कॅन्सर तपासाची डबी देल्ली होती, संडास भराची. त्यात रक्त निंघालं."

"अगाई! मंग?"

"मांगून नळी टाकून पाह्यलं. आतडं एकदम साफ, म्हने डाक्टर."

"देव पावला म्हन."

"पावला. पण जया, यायनं त्या डबीले हातच नाही लावला. म्हने, माणसानं असे धंदे करा का? आशाताई तं रोज दारात. मंग मीच माही भरून देल्ली, यायच्या नावानं."

"अवं माय! अन् तुह्या नावाची डबी?"

"घेतलीच नाही. म्हनलं, मले कायले पाह्यजे?"

"मंग सांग न डाक्टरले!"

"कशी सांगू? साऱ्या गावात यायची हसी होईन."

"तुले रक्त अजून पडते का?"

"पडते."

"मंग आता दवाखान्यातच चालली न?"

"नाही वं. नवस फेडाले. यायचं आतडं साफ निंघालं न."