दोन चित्रांमधलं अंतर

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून शिवणकामवाली डोळे मिटून बसली होती, त्यामुळे कानांची मात्र चंगळ होती. शेजारी सासरे-जावई बोलत होते.

“मामा, तुमच्या फोटोवाल्यांच्या समितीने ठरवलेल्या मापाचे थ्रीडी फोटो बघून माझं डोकं गरगरतं.”

“वर्षानुवर्षं भांडून ठरवलंय, जावईबापू! थ्रीडीसाठी शेजारी-शेजारी लावायच्या दोन चित्रांत अंतर किती ठेवायचं, यावरून दोन गट हमरीतुमरीवर यायचे. मी अध्यक्ष. बरोब्बर मधलं काढलं.”

“म्हणजे कुणालाच नीट दिसत नाही. तुम्हाला तरी दिसलं का?”

“मला कसं दिसणार? डावा डोळा जन्मापासून बंद.”

“अहो, ते फोटो बघायला दोन्ही डोळे लागतात! तुम्हाला अध्यक्ष केलं कुणी?”

“दोन्ही गटांनी. तेवढं एकच काम एकमताने झालं. त्यांना तटस्थ माणूस हवा होता.”