मोगऱ्यानं आटवलेलं दूध

आमी मूळचे चाकणजवळच्या निघोज्याचे, कंपन्या यायच्या आधीपासूनचे. आमची आय वावरात कांदा खुरपायची आन् पदराखाली कायम एक पोर, ते दोन-दोन वर्सं पीत ऱ्हायचं, तवर दुसरं पोटात. पाळी म्हंजी काय हे ती इसरूनच गेली व्हती, असं आत्या म्हनायची. आठव्या बाळंतपणात गेली. काय सांगू ताई तुमाला, क्यान्सर तेवढा तिला झाला न्हाई.

मला एकच लेक, सुवर्णा. ती तीन महिन्यांची असताना मला चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनीवर परत बोलावलं. दूध नुसतं वाहायचं, शिफ्टमधी ब्लाऊज भिजायचा. सुपरवायझरला म्हनलं, सासूबाई पोर घेऊन गेटावर येत्याल, जरा सोडा, तर म्हनला, बसणार कुठं तुमी? मग सासूबाईंनी मोगऱ्याची फुलं आणली आन् छातीला बांधली, रोज ताजी. त्यानं दूध आटतं म्हनत्यात, जुना इलाज हाय. लाइनीवरच्या बाया हुंगायच्या, काय गं, नवी नवरी का काय! मी आपली हसायचे. तवापासनं मेला मोगरा मी कधी माळला न्हाई.

आवंदा छातीत डाव्या बाजूला क्यान्सरची गाठ निघाली, सगळंच काढलं. डॉक्टरीणबाई म्हनल्या, बाईचं शरीर अजून हजारो वर्सांमागचंच हाय, त्याला वाटतं पोरं लवकर व्हतील, लई व्हतील, वर्सानुवर्सं पितील, पाळी कधीमधीच येईल. आता पाळी लवकर, पोर एखादं, पाजणं थोडं, दर म्हैन्याच्या पाळीनं छातीला उसंतच न्हाई, त्यानं धोका वाढतो. पण निस्तं त्यानंच झालं असं न्हाई, तुमची चूक तर न्हाईच न्हाई. मी म्हनलं, बाई, मग करू काय, आयसारखी बाळंतपणात मरू? त्यांनी फुडची तारीख लिहून दिली.

सुवर्णा आता रावेतला असती, आयटीत हाय, तिचं पोर अजून अंगावर पितंय आन् रजा सरत आलीया. परवा म्हनली, आई, दूध आटवायला तुला फुलं बांधली होती ना, मलाही आणून दे. माझं टाळकंच सटकलं. म्हनलं, माज्याकडं बघ गं जरा, पाज त्याला, मी रोज दुपारी तुज्या कंपनीच्या गेटावर घेऊन येते. ती रडाया लागली, म्हनली, आई, पण तिथं बसू कुठं?

एवढी काचंची बिल्डिंग ताई, आन् बसाया जागा न्हाई.

काल मीच गेले फुलं आणाया. गजरेवाली म्हनली, मावशी, एवढा मोगरा, लेकीचं लगीन काढलं का काय? व्हय म्हनलं. सुवर्णाला माज्यावानी काय होऊ नये, देवा, एवढंच.