मी जागाच होतो!

...अन् वरून मलाच म्हणती, "अवो, रातभर घोरून राह्यलात की!" आता घोरला म्हणजे माणूस झोपलाच, असं कुठं लिव्हलंय का? तुम्हाला सांगतो, मी जागाच होतो! बिलकुल जागा! पण आमची बायको, दैवशाला, ऐकती व्हय? तिला वाटतं, पहाटं म्हशीची धार काढायची टाळायला माझं हे नाटक. कारण आमच्या घरी कायदाच हाये... ज्याला रात्री झोप न्हाई, त्याला पहाटं उठवायचं न्हाई. म्हणली, "चला जालन्याला, झोप तपासायच्या दवाखान्यात. मशीन म्हणलं झोपलात, तर उद्यापासून बादली तुमच्या हातात!"

मंग काय, वडीगोद्रीहून एसटीनं गेल्तो दवाखान्यात. डोक्याला चिकट मलम फासून वायरीच वायरी लावल्या, विहिरीवरच्या स्टार्टरमधी बी एवढ्या नसतील, अन् म्हणे, "आता रोजच्यासारखे झोपा." रोजच्यासारखं! घरी काय वायरी लावून झोपतो का मी?

सकाळी थोरले डॉक्टर रेघा बघून म्हणले, "ही कच्ची झोप आहे." मी म्हणलं, साहेब, मी जागाच होतो! तवर धाकट्या मॅडम वाकल्या, "सर, मला तर हे जागेपण वाटतंय." बघा! "अगं, ही लाट बघ." "सर, पण ही बघा ना!" डोकं माझं, झोप माझी, मला कोणी विचारतंय का? शेवटी म्हणले, कॉम्प्युटरला विचारू. दैवशाला पदर खोचून पुढं सरकली. अन् कॉम्प्युटर म्हणला... पन्नास टक्के झोप, पन्नास टक्के जाग! अरे, कोण्यातरी एका बाजूनं बोल की! थोरले डॉक्टर हसले, "मच्छिंद्रराव, झोप आणि जाग यांच्या मध्ये बांध घातलेला नसतो. आमचंच जुळत नाही, ते मशीन तरी काय करणार?"

मी खुश! निकालच न्हाई, तर बादली कशाची? पण दैवशाला एसटीत बोटं मोजत बसली. गावात उतरल्यावर म्हणली, "अर्धे झोपता, अर्धे जागता, बराबर? म्हशीला सड चार. दोन तुमचे, दोन माझे."

तवापासून रोज पहाटं म्हशीच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. पिळता पिळता माझं डोकं टेकतं म्हशीच्या पोटाला... काय ऊब असती हो! पलीकडून दैवशाला वराडती, "झोपलात का?" मी म्हणतो, न्हाई गं, मी जागाच होतो! तवर म्हैस लाथ घालती.

म्हशीला ते पन्नास टक्के काही कळत न्हाई.